गंधकाचं सोनं आणि खंडेनवमीचा बर्फ

मी पॉलिथायाझिल बोलतोय. नाव ऐकून पान उलटू नका, थांबा जरा. मलाही हे नाव कधी आवडलं नाही, पण नाव ठेवताना बाळाला कोण विचारतं? सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपासून लांबच्या कपाटात एक बंद काचेची नळी आहे. तिच्यात बोटाच्या नखाएवढा, सोनेरी, एका टोकाला उसवलेला तुकडा दिसतो, तो मी.

सोनेरी म्हटलं की लोक लगेच जवळ येतात. या, पण सोनं समजून येऊ नका. माझ्या अंगात सोनं नाही, तांबं नाही, धातूचा कणसुद्धा नाही. मी गंधक आणि नायट्रोजनच्या पोटचा. एक गंधक, एक नायट्रोजन, पुन्हा गंधक, पुन्हा नायट्रोजन, अशी लांबच लांब साखळी. आणि अशा अगणित साखळ्या एकमेकींना बिलगून पडलेल्या. तरी माझ्यातून वीज वाहते, तारेतून वाहावी तशी. धातू नसून धातूसारखा वागणारा म्हणून पन्नासेक वर्षांपूर्वी आमच्या कुळाचा मोठा गाजावाजा झाला होता. मग प्लॅस्टिकच्या जातीचे, शांत स्वभावाचे वीजवाहक आले आणि आम्ही मागे पडलो. जगात असंच असतं, त्याचं मी मनाला लावून घेत नाही. म्हणजे घेतो, पण सारखं बोलून दाखवत नाही.

माझ्या आईबापांना तुम्ही ओळखता. तासगावकडं द्राक्षबागेवर भुरीचा रोग पडला की पिवळी भुकटी धुरळतात, ते गंधक. उसाला युरिया टाकतात, त्यातला जोर नायट्रोजनचा. कृषी सेवा केंद्रात दोघांची पोती शेजारी शेजारी रचलेली असतात आणि एकमेकांकडं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं जमवणं सोपं नाही. जमवलं, तरी पोटातलं भांडण मिटत नाही, ते पोरांच्या अंगात उतरतं. म्हणून मला स्वस्थ बसता येत नाही. आत सतत धावपळ चालू असते, कुणीतरी इकडून तिकडं पळतंच असतं. तुम्ही नळीजवळ कान लावलात तर काही ऐकू येणार नाही, पण खरं सांगतो, मी एक क्षण निवांत नाही.

मला जन्माला घातलं उत्कर्षानं. जत तालुक्यातल्या माळरानावरच्या धनगराच्या घरची ही पोर. वडील बाळासो अजून साठ-सत्तर मेंढरं राखतात, थोडं डाळिंबही करतात. गंधक तिला लहानपणापासून ठाऊक. मेंढरांना खरूज झाली की बाळासो करंजाच्या तेलात गंधक खलून लावायचे आणि वाटी धरायला हिला बसवायचे. त्याच गंधकात वीज खेळते हे तिनं कॉलेजात वाचलं आणि तिचं डोकं फिरलं. सहा वर्षं झाली, अजून ते जागेवर आलेलं नाही.

माझ्या जन्माला चांदीची लोकर लागते. खरंच लागते, थट्टा नाही. केसासारख्या बारीक चांदीच्या तारांचा पुंजका. हे उत्कर्षानं फोनवर वडिलांना सांगितलं.

"चांदीची लोकर? कंच्या मेंढराची गं?"

"आप्पा, मेंढराची न्हवं. तारंची."

"मग लोकर कशाला म्हनायचं? आमी हितं खऱ्या लोकरीला गिऱ्हाईक हुडकतोय."

तर त्या लोकरीचं काम असं. आधी असतात नारिंगी खडे. चार गंधक आणि चार नायट्रोजन यांनी हात धरून केलेलं रिंगण. दिसायला देखणं, पण धक्का लागला की फुटणारं. त्याची वाफ तापलेल्या चांदीच्या लोकरीतून नेली की रिंगण मोडतं आणि दोन गंधक, दोन नायट्रोजन अशी छोटी रिंगणं होतात. ती पांढरी, पाण्यासारखी नितळ. ते माझं बालपण. ही छोटी रिंगणं दोन दिवस शून्य अंशाच्या थंडीत ठेवली तर त्यांचे मोठे, सरळ स्फटिक वाढतात. मग हळूहळू ऊब द्यायची. ऊब लागली की एकेक रिंगण उघडतं, शेजाऱ्याचा हात धरतं, साखळी होते. पांढऱ्याचा निळा-काळा होतो आणि काही आठवड्यांनी काळ्याचा सोनेरी. यात एकच अट असते, घाई करायची नाही. थंडीचे दोन दिवस पुरे व्हायच्या आधीच ऊब लागली तर साखळ्या वेड्यावाकड्या जुळतात. आणि तीस अंशांच्या पुढं गरम झालं तर रिंगणं उघडायच्या ऐवजी फुटतात, काचेसकट.

उत्कर्षाचे दोन डाव आधीच वाया गेले होते. पहिल्या वेळी नुसता काळा गोळा झाला. दुसऱ्या वेळी स्फोट झाला. ती तेव्हा दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाचली. काचेचे तुकडे भिंतीच्या गिलाव्यात रुतले. माझा डाव तिसरा आणि शेवटचा. डिसेंबरात तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत होती. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत अतिथंड तापमानाचं यंत्र आहे, त्यावर आठ महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर नोव्हेंबरातले दोन दिवस मिळाले होते. तोवर हातात एक धड स्फटिक हवा होता. एकच, पण सरळ. तो नसेल तर प्रबंधाचं मधलं प्रकरण कोरं, आणि मधलं प्रकरण कोरं असलेला प्रबंध म्हणजे भाकरीशिवाय कालवण.

आता गुंडामामांबद्दल सांगतो. प्रयोगशाळेचे अटेंडंट. शिराळ्याकडचे, घरी ऊस, थोरले भाऊ फौजेत सुभेदार होऊन परतलेले. गुंडामामा या मजल्यावर चोवीस वर्षं होते आणि येत्या जानेवारीत निवृत्त होणार होते. कुठला नळ गळतो, कुठला पंप कधी रुसतो, हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त कळायचं. यंत्रांशी ते बोलायचे. माझी नळी ज्या थंड पाण्यात बुडवून ठेवली होती, त्या जुन्या चिलरला ते 'म्हातारा' म्हणायचे.

अष्टमीला संध्याकाळी उत्कर्षानं माझी नळी चिलरमध्ये सोडली. वर थर्माकोलचं झाकण ठेवलं. समोरचा लाल आकडा शून्यावर आला. तिला दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीला, घरी जायचं होतं. पहाटेची एसटी पकडून संध्याकाळपर्यंत परत यायचं ठरलं होतं.

"मामा, हे चिलर बंद करायचं न्हाई बरं का."

"न्हाई गं. कशाला करू?"

एवढंच बोलणं झालं. का बंद करायचं नाही, बंद झालं तर काय होईल, हे तिनं सांगितलं नाही. गुंडामामांनी विचारलं नाही.

सकाळी सात वाजता दार उघडलं. मामा अंघोळ करून, गंध लावून, हातात झेंडूची पिशवी घेऊन आले. मजल्यावर एकटेच होते. एकेक यंत्र ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू वाहिलं. तराजू, भट्टी, पंप, सगळ्यांना माळा. मग चिलरकडं आले. झाकण काढून धुवायला घेतलं. म्हाताऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चोवीस घंटे राबतोस बाबा. आज तुजा दिस." असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. लाल आकडा विझला.

तुम्ही म्हणाल, हा माणूस वचन मोडणारा. तसं बिलकूल नाही. या भागात खंडेनवमीला हत्यार पुजलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावत नाहीत. नांगर उभा राहतो, करवत उभी राहते, लोहाराचा भाता गप्प होतो. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा देणं हे मामांच्या हिशेबी बंद करणं नव्हतंच. दरवर्षी ते म्हाताऱ्याला विसावा देत आले होते आणि कधी काही बिघडलं नव्हतं. कारण आजवर त्या पाण्यात कुणी माझ्यासारखं नव्हतं.

मला आधी बरं वाटलं, हे कबूल करतो. इतक्या थंडीत हातपाय आखडले होते, ऊब आली आणि अंगात हुरूप आला. पाच अंश. नऊ अंश. शेजारचे स्फटिक कुजबुजायला लागले, आता उघडायचं का, आता जुळायचं का? मला माहीत होतं वेळ झालेली नाही. माहीत असून माझ्या एका टोकाची चुळबुळ थांबेना. तिथली काही रिंगणं उघडली, शेजाऱ्याचा हात वाकडाच धरला गेला. सोडवावा म्हटलं तर तो सुटणारा नव्हता.

तिकडं जतकडं उत्कर्षा घरी पोचली होती. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं, कारण नंतर कित्येक दिवस ती नळीसमोर बसून तेच तेच मामांना सांगत होती. तिच्या घरी लोकर कातरायच्या कातरीची पूजा होती. आजी भामाबाईनं कातरी ओळीनं मांडल्या होत्या. उत्कर्षानं दोरा तोडायला म्हणून सहज एक कातर उचलली आणि आजी ओरडली.

"ठेव ती खाली! पुजलेल्या हत्याराला हात लावतीस? एवढी शिकली आन् येवढंबी ठावं न्हाई व्हय?"

तेवढ्यात फोन वाजला. मामांनी दरवर्षीप्रमाणे पूजेचे फोटो विभागाच्या ग्रुपवर टाकले होते. तराजू, भट्टी, पंप, आणि झेंडूची माळ घातलेलं चिलर. उत्कर्षानं फोटो मोठा केला. माळेच्या मागं लाल आकडा असायला हवा होता, तिथं काळी पट्टी होती.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मामांचा फोन वाजला. ते माझ्याच समोर कापूर पेटवत होते. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

"मामा, तुमी लॅबमध्ये हाय का?"

"व्हय. आरती चाललीया."

"आधी भायेर व्हा. कापूर इझवा आन् भायेर व्हा."

"का गं?"

"त्या नळीत हाय ते तापलं तर फुटंल. मागल्या वेळी फुटलं तसं. तुमी जिन्यात जाऊन उभं ऱ्हावा, मी येते."

मामांनी दोन बोटांनी कापूर विझवला. चटका बसला असणार. त्यांनी पाण्यातल्या थर्मामीटरकडं पाहिलं. पारा सोळावर होता.

"येते म्हंजे कवा? जतहून दोन तास लागत्यात."

"आप्पा गाडी काढत्यात."

"मशीन लावू का चालू?" विचारलं त्यांनी, पण हात बटणापर्यंत गेला नाही. माळ आडवी होती. "पुजलंय गं त्याला. तरी तू म्हनत असशील तर..."

उत्कर्षानं मान वर करून पाहिलं. तिच्या समोर कातरींची ओळ होती. मग म्हणाली, "नगा लावू. सुरू व्हताना ते लाथ मारल्यावानी हादरतं. आता त्या नळीला धक्का सोसायचा न्हाई. मामा, तुमी भायेर व्हा फकस्त."

फोन ठेवला. मामा बाहेर गेले. दार लागलं आणि मी एकटा. पारा सतरावर, अठरावर. पत्र्याच्या छपरावर ऊन आलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. स्वतःची नाही, दार पुन्हा उघडेल याची. आपण फुटलो तर समोर कोण असेल, हा विचार करायची मला सवय नव्हती.

दार पंचवीस-तीस मिनिटांनी उघडलं. मामांच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी होती, पाण्याच्या धारा पाठीवरून ओघळत होत्या.

ती कशी आली ते त्यांनी पुढं दहा वेळा सांगितलं आणि दर वेळी लादी पाच किलोनं वाढत गेली. कोपऱ्यावर अर्जुनाची रसवंती आहे. पण त्या दिवशी रसाचा चरक पुजलेला, माळ घालून गप्प. अर्जुना नव्या सदऱ्यात बाकावर बसला होता.

"अर्जुना, बर्फ दे."

"मामा, पेटीत हाय बर्फ. पर फोडनार कशानं? टोच्या पुजलाय."

"टोच्या नगं. लादी काढ."

"अख्खी?"

"व्हय रं गड्या, अख्खी. आन् बिगी बिगी."

लादी फोडायला मामांनी जिन्याखालचा साधा दगड घेतला. त्याला हळदीचं बोट लागलेलं नाही ना, हे उलटसुलट करून आधी बघून घेतलं. मग प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बर्फाचा चुरा केला, म्हणजे धक्का आतपर्यंत येऊ नये. पारा एकवीसवर होता. चिलरला त्यांनी हात जोडले. "तुला चालवत न्हाई म्हाताऱ्या. पानी तेवढं गार करतो." आणि मूठभर बर्फ अलगद पाण्यात सोडला, नळीपासून लांब. मग दुसरी मूठ.

दीड तास ते तसेच उभे होते. हात लाल झाले, मग पांढरे पडले. मध्येच फोन यायचा, उत्कर्षाचा वाऱ्यात उडणारा आवाज. "मामा, किती?" "अठरा." "मामा, किती?" "चौदा. तू गाडीवर बोलू नगंस." दंडोबाच्या डोंगराजवळ रेंज गेली, तरी मामा दर पंधरा मिनिटांनी पारा वाचत राहिले. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून कापराच्या पुडीच्या कागदावर लिहीत राहिले. वेळ आणि आकडा, वेळ आणि आकडा. चोवीस वर्षं त्यांनी शिकणाऱ्या पोरांना हेच करताना पाहिलं होतं.

मी काय करत होतो? मी गप्प बसायचा प्रयत्न करत होतो. आयुष्यात तेवढा एकच वेळ मी मनापासून स्वस्थ बसलो. माझ्यापासून वीतभर अंतरावर त्या माणसाचा चेहरा होता.

बाराच्या सुमारास उत्कर्षा धावत आत आली. मागे बाळासो, डोक्याला पटका, दारातच थांबलेले. पारा एकवर होता. तिनं आधी मामांचे हात बघितले. मग नळी. नळीत वरचे सगळे स्फटिक निळसर, गढूळ झाले होते. तळाशी मी एकटा नितळ होतो, एक टोक सोडून.

"गेलं का सगळं?" मामांनी विचारलं.

"एक हाय," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

बाळासोंनी दारातूनच मान लांब करून पाहिलं. "येवढंसं? याच्यापायी मला गाडी ऐंशीनं पळवाय लावलीस?"

मला दोन दिवस थंडीत ठेवलं, मग कणाकणानं ऊब दिली. निळा झालो, काळा झालो आणि दिवाळीनंतर एका सकाळी कडेनं सोनेरी झळकलो. फोटो गावाकडं गेला. भामाबाईनं विचारलं, कानातली फुलं घडवायला असं किती लागंल? तिला काय सांगायचं यावर घरात बराच खल झाला.

पण इथं दुसराच घोर होता. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात खंडेनवमीचं पान कोरं होतं. स्फटिक वाढताना तापमान काय होतं, ते लिहावं लागतं. परीक्षक तेच आधी बघतात. सरांनी, म्हणजे उत्कर्षाच्या मार्गदर्शकांनी, दार लोटून घेऊन तिला समजावलं. माणूस वाईट नव्हता.

"लाईट गेली होती असं लिही. आपल्याकडं कोण शंका घेणार? खरं लिहिलंस तर गुंडाला निवृत्तीच्या तोंडावर मेमो निघेल. परीक्षकही म्हणतील, ही काय प्रयोगशाळा आहे की देऊळ?"

उत्कर्षा रोज ते पान उघडायची, पेन धरायची, पान मिटायची. लाईट गेली होती, हे तीन शब्द सगळ्यांना सोयीचे होते. तिला मामांना वाचवायचं होतं आणि खोट्या नोंदीवर माझा आकडा उभा करायचा नव्हता. दोन्ही एकदम जमत नव्हतं. तिची ती घालमेल मला कळत होती. माझ्या आत तेच चालतं.

चौथ्या दिवशी तिनं मामांना सगळं सांगून टाकलं. सर तिथंच होते. मामांनी फडकं खांद्यावर टाकलं.

"त्या दिवशी लाईट व्हती, सर."

"मला माहीत आहे रे. तुझ्यासाठीच म्हणतोय."

"तुमचं बरूबर हाय. पर पूजा मी चोरून केलेली न्हाई. फोटू टाकलेत ग्रुपवर. आता त्या पूजेला लाईट गेली म्हनायचं? मग मी चोवीस वर्सं काय अंधारात पूजा करत हुतो काय?"

सर म्हणाले, "तुला बाहेर हो म्हणून सांगितलं होतं हिनं. मग आत कशाला आलास? काही झालं असतं म्हणजे?"

मामांनी फडक्याचं टोक पिळलं. "सर, हितं काई फुटलं की समदी आदी इचारत्यात, बाटली कुठली व्हती. ही पोरगी आदी म्हनली, मामा भायेर व्हा. तिची वस्तू आत ठेवून मी जिन्यात कसा उभा ऱ्हानार?"

त्यांनी उत्कर्षाच्या हातातून पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं: 'खंडेनवमीला सकाळी सव्वासातला चिलर मी बंद केले. पूजेसाठी.' खाली सही. मग खिशातून कापराच्या पुडीचा कागद काढला, घडी उलगडून त्या पानावर चिकटवला. वेळ आणि आकडे, सगळे ओळीनं.

उत्कर्षानं त्याखाली आपली ओळ लिहिली: 'चिलर का बंद करायचे नाही, हे मी मामांना सांगितले नव्हते. त्यांना कळणार नाही असे मी धरून चालले होते.' लिहिताना ती रडली. मामा म्हणाले, शाई पसरंल. सर बाहेर गेले, परत आले आणि त्यांनीही सही केली.

मेमो आला. दोन ओळींचा होता, पण आला. मामांनी तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि चहाला गेले. तीस वर्षांच्या नोकरीत पहिला कागद, असं त्यांच्या पाठीकडं बघून कुणीतरी पुटपुटलं. तीस नव्हे, चोवीस. लोकांना आकडे नीट सांगता येत नाहीत.

मी बंगळूरला गेलो. मिरजेहून रेल्वेनं, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून, तिच्या मांडीवर. तिथं माझ्या अंगावर चांदीच्या लेपानं चार केसासारख्या तारा चिकटवल्या आणि मला थंड करायला घेतलं. शून्याच्या खाली शंभर, दोनशे, अडीचशे. जसजसा गारठा वाढला, तसतसा माझ्यातला अडथळा कमी होत गेला. पडद्यावरची रेघ उतरत राहिली. धातूचं असंच होतं आणि मी धातू नसून माझंही तसंच झालं. त्या खोलीतल्या लोकांनी उत्कर्षाकडं वळून पाहिलं.

अजून खाली, उणे दोनशे त्र्याहत्तरच्या काठावर, एक जागा आहे. तिथं पोचलं की माझ्या कुळातल्यांची वीज कुठंही न अडखळता धावते. आयुष्यभराची तगमग तिथं संपते म्हणे. मी तिच्या अगदी जवळ गेलो होतो. तेव्हा माझं ते टोक, वाकडं जुळलेलं, गारठ्यानं आकसलं आणि उसवलं. तिथली तार सुटली. रेघ थांबली.

दुसरा दिवस नव्यानं तार चिकटवण्यात गेला, पण उसवलेलं टोक लेप धरेना. उत्कर्षा पाणी प्यायली, परत खुर्चीवर बसली आणि तिनं वहीत लिहिलं की रेघ इथवर आली, पुढं दिसली नाही, आणि का दिसली नाही. प्रबंधात तेच गेलं, मामांच्या पारा-नोंदीसकट. परीक्षकांनी खंडेनवमीबद्दल बराच वेळ विचारलं. तिनं सगळं सांगितलं. पदवी मिळाली.

आता मी कपाटात आहे. नळीला कुठंतरी बारीक चीर असावी, दमट हवा आत येते आणि माझी चमक उतरत चाललीय. कडा राखाडी पडल्यात. मामा जानेवारीत शिराळ्याला गेले. जाताना कपाट उघडून मला एकदा उजेडात धरलं आणि परत ठेवलं. उत्कर्षा इथंच शिकवते. येत्या आठवड्यात ती नव्यानं चिलरमध्ये नळी सोडणार आहे, ती खालची जागा गाठायला. नव्या अटेंडंटला तिनं काल समोर बसवून सगळं समजावलं. नितळ असतं ते काय, कशानं तापतं, फुटतं कसं, सगळं. पाऊण तास लागला.

मी तेव्हापासून बेचैन आहे. त्या पानावर मामांनी आपली चूक लिहिली, उत्कर्षानं आपली लिहिली. वाचणारा म्हणतो, झालं, हिशेब पुरा झाला. तो पुरा झालेला नाही. त्याच पाण्यात, त्याच उबेत माझं बाकीचं अंग थांबलं होतं. एका टोकाला थांबवेना, आणि उत्कर्षाचं काम तिथंच उसवलं. मला पेन धरता येत नाही, म्हणून इतकं बोललो. नळीत येणाऱ्यांनो, तुम्हाला ऊब लागली तरी थोडं थांबा. आणि तुम्ही कधी ते रजिस्टर उघडलंत, तर त्या दोन ओळींच्या खाली जागा आहे. तिथं तिसरी ओळ माझी धरा: वेळ झालेली नाही हे मला माहीत होतं.